समलिंगी कथा भागाभागानं वाचताना: नव्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांतले आम्ही काही वाचक एक गट करून पुरुषांच्या आपसातल्या प्रेमाच्या मराठी कथा क्रमशः वाचतो. शनिवारी रात्री नवा भाग येतो. आठवडाभर त्यावर प्रतिसाद येतात, लेखक ते वाचतो आणि पुढच्या भागाला बसतो. नवीन आलेली मंडळी बहुतेक हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरांत माझं स्वतःचं मत आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही, पण मनापासून लिहिलंय.

मी स्वतः गे नाही. आलो तर चालेल का?

चालेल की. तुम्ही कोण आहात हे इथं कुणी विचारत नाही, तुम्हीही कुणाला विचारू नका. वय मात्र अठरा पूर्ण हवं. त्यात सूट नाही.

मराठीत असं लिखाण आहे तरी का?

आहे, आणि आजचं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं, त्यातली नायिका स्त्रीवर प्रेम करते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. तिथं पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव लावतात. आम्ही वाचतो ते मात्र बहुतेक अजून न छापलेलं असतं. आपल्याच भागातल्या, टोपणनावानं लिहिणाऱ्या लोकांचं.

कथा पूर्ण झाल्यावर एकदम का वाचत नाही? एकेक भाग वाचून काय मिळतं?

मराठी कादंबरी वाढलीच मुळी अशी. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं दिल्या. आपल्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातून 'किर्लोस्कर', १९३० पासून 'स्त्री' आणि १९३४ पासून 'मनोहर' निघत होती. घरात अंक आला की आधी कुणी वाचायचा यावरून ओढाओढ व्हायची, असं जुनी माणसं अजून सांगतात. पुढच्या अंकापर्यंतचा जो काळ असतो, त्यात वाचक त्या पात्रांचा विचार करत राहतो. एका बैठकीत संपवलेल्या पुस्तकात तो काळ मिळत नाही.

समलिंगी कथेच्या बाबतीत या थांबण्याला आणखी एक अर्थ येतो. अमेरिकेत आर्मिस्टेड मॉपिन यांनी १९७६ पासून 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या रोजच्या वर्तमानपत्रात 'टेल्स ऑफ द सिटी' ही मालिका लिहिली. सकाळी चहाबरोबर लोक ती वाचायचे. १९७७ साली फ्लोरिडात समलिंगी लोकांच्या हक्कांविरुद्ध मोठी मोहीम चालली होती. त्या दिवसांत मालिकेतल्या मायकेल नावाच्या पात्राची आई त्याला कळवते की ती त्या मोहिमेत सामील झालीय. मायकेल तिला पत्र लिहितो आणि आपण गे असल्याचं सांगतो. मॉपिन यांचे स्वतःचे आईवडीलही ही मालिका वाचत होते. त्या पत्रातूनच मुलानं त्यांनाही सांगितलं. असंख्य वाचकांनी तो मजकूर कापून, आपलं नाव घालून आपापल्या घरी पाठवला. पूर्ण कादंबरी बाजारात येईपर्यंत थांबले असते तर हे त्या आठवड्यात, त्या मोहिमेच्या ऐन भरात घडलं नसतं.

आमच्याकडं एवढं मोठं काही होत नाही. पण नायकाला घरचे मुलगी बघायला नेतात तो भाग नेमका तुळशीच्या लग्नानंतर येतो, तेव्हा त्याच रविवारी स्वतः कांदेपोहे खाऊन आलेला कुणीतरी तो वाचत असतो. तो पुढच्या शनिवारची वाट कशी बघत असेल, तुम्हीच विचार करा.

प्रतिसादात लिहायचं काय? मला समीक्षा वगैरे जमत नाही.

समीक्षा नकोच. वाचताना तुमचं काय झालं ते लिहा, आणि कुठल्या ओळीपाशी झालं ते सांगा. 'खूप छान', 'डोळ्यांत पाणी आलं' यानं लेखकाला बरं वाटतं, पण त्याच्या हाती काही लागत नाही. 'एसटी स्टँडवर निरोप घेताना त्यानं हात हलवला नाही, नुसतं घड्याळ बघितलं, तिथं मी थांबलो' असं लिहिलंत की त्याला कळतं की नेम कुठं लागला.

आमच्या एका कथेतली गोष्ट सांगतो, कारण प्रतिसाद म्हणजे काय हे मला तरी यापेक्षा चांगलं सांगता येत नाही. त्या कथेतला नायक मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. एका भागात तो आणि त्याचा मित्र हरिपूरला जुनं पेव बघायला जातात. हळद साठवायची ही जमिनीखालची खोल कोठारं हरिपूरची खासियत. २००५ च्या महापुरात त्यांचं फार नुकसान झालं. लेखकाला दोघांना एकांत द्यायचा होता. त्यानं पेवाचं तोंड उघडलं आणि दोघांना सरळ आत उतरवलं. अंधार, हळदीचा वास, एकाचा श्वास दुसऱ्याच्या मानेवर. बऱ्याच जणांनी वाहवा केली.

मग एका वाचकाचा प्रतिसाद आला. त्याच्या आजोळी पेवं होती. त्यानं लिहिलं: बंद पेव उघडल्यावर असं कुणी उतरत नाही, आतली हवा जीव घेते. तोंड उघडं ठेवून थांबतात, हवा खेळू देतात, मगच माणूस आत सोडतात. इथवर ती नुसती दुरुस्ती होती. पण पुढं त्यानं आणखी एक ओळ लिहिली: 'म्हणजे या दोघांना वर बसून थांबावं लागणार.'

लेखकानं तो प्रसंग नव्यानं लिहिला. दोघं पेवाच्या तोंडाशी मातीवर बसलेत. करायला काही नाही. बोलायचंही संपलंय. दिवाणज्याच्या नखांत हळद बसलेली असते, धुऊन न जाणारी. मित्र त्याचं एकेक बोट उचलून नख बघत राहतो आणि दिवाणजी हात काढून घेत नाही. पेवात ते उतरतच नाहीत, त्याची आता गरजच नसते.

हा प्रतिसाद हळद ओळखणाऱ्या माणसाचा होता. तुम्ही शाळेत शिकवता, बँकेत बसता, ऊसतोडीचा हिशेब ठेवता, द्राक्षबागेत औषध मारता. तुम्हाला जे माहीत आहे त्याच बाजूनं वाचा.

नुसतं 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहिलं तर?

चालेल. घरात फोन बायको-मुलांच्याही हाती जातो, त्यामुळं काही जण त्याहून जास्त लिहूच शकत नाहीत. त्यांनी तेवढं लिहिलं तरी ते आले होते हे कळतं. त्यावरून कुणाला टोकू नका.

पुढं काय व्हावं हे सांगू का?

काय व्हावंसं वाटतं ते जरूर सांगा. तसंच लिहा असा आग्रह धरू नका.

आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारी मागणी म्हणजे 'दोघांना पुण्याला पाठवा'. मला तिचं मूळ समजतं. पुण्या-मुंबईत खोली भाड्यानं घेतली की शेजारी विचारत नाहीत, आडनावावरून गाव आणि गावावरून मामा शोधत नाहीत. पण आमचे निम्मेअधिक लेखक पात्रांना इथंच ठेवू पाहतात, गावभागात, जतला, आटपाडीला, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. जो वाचक शेती सोडून, म्हाताऱ्या आईला सोडून कुठंच जाऊ शकत नाही, त्याला पुण्याची बस दाखवणारी कथा काही देत नाही. इथं राहून कसं जगायचं हे कुणीतरी लिहून बघायला हवं. म्हणून पात्रं इथं अडखळत असतील तर लेखकाला वेळ द्या.

दुसरी मागणी याच्या उलट टोकाची: 'शेवट वास्तव करा.' म्हणजे एकाला मारा, किंवा दुसऱ्याचं लग्न लावून टाका. यावर मी ठाम आहे. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' १९१३-१४ साली लिहिली आणि ठरवून तिचा शेवट सुखाचा केला. त्या शेवटामुळंच ती छापणं अवघड होतं, कारण तिच्यातले दोघं प्रियकर पुरुष पकडले जात नाहीत, मरत नाहीत. पुस्तक निघालं ते थेट १९७१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. मरण लिहिणारा लेखक वास्तववादी आणि संसार लिहिणारा भाबडा, असं समजू नका. आपल्या अवतीभवती वीस-वीस वर्षं एकत्र राहणारे 'मित्र' आहेत. ते वास्तवच आहे.

नायकाचं मुलीशी लग्न होतं त्या भागांवर एवढी भांडणं का होतात?

कारण तिथं वाचणाऱ्यांपैकी प्रत्येकाचं काही ना काही पणाला लागलेलं असतं. कुणी तसंच लग्न करून बसलेला असतो. कुणाच्या घरी येत्या मे महिन्यातली तारीख धरलेली असते. आणि काही वाचक स्त्रिया असतात, ज्यांना त्या नवरीच्या जागी स्वतःला ठेवून बघावं लागतं.

एका कथेत लग्नाच्या भागानंतर सगळे प्रतिसाद नायकाच्या दुःखावर होते. विश्रामबागच्या एक काकू आमच्या जुन्या वाचक. त्यांनी लिहिलं की तुम्ही सगळे ज्याच्यासाठी रडताय त्यानं एका मुलीला फसवलंय, ती मुलगी तीन भाग झाले नुसती स्वयंपाक करतेय आणि तिला लेखकानं नावसुद्धा दिलेलं नाही. गटात गदारोळ झाला. दोन जण म्हणाले, काकूंना आमचं दुःख कळणार नाही. मला वाटतं काकूंनी त्या कथेवर उपकार केले. पुढच्या भागात त्या मुलीला नाव मिळालं, माहेर मिळालं, आणि एका रात्री ती नवऱ्याला सरळ विचारते. तो सगळ्यात अवघड प्रसंग त्या कथेतला सगळ्यात चांगला प्रसंग झाला.

म्हणून इतकंच सांगेन: नायकावर रागावलेल्या वाचकाला 'तू समलिंगींच्या विरोधात आहेस' असं म्हणू नका. आणि नायकावर रागावणाऱ्यानं हे विसरू नका की त्याला त्या मांडवात उभं करणारं सगळं गोत तिथंच जेवत बसलं होतं.

लेखकाला 'हा तुमचाच अनुभव का?' असं विचारलं तर वाईट काय?

हा प्रश्न इथं चालत नाही. कौतुक म्हणून नाही, काळजीपोटी नाही, खाजगी निरोप पाठवूनही नाही.

'हो' म्हटलं तर त्यानं सगळ्यांसमोर स्वतःबद्दल सांगितल्यासारखं होतं. 'नाही' म्हटलं तर पुढचा भाग लिहिताना तो 'नाही' जपत बसतो, आणि कथा भित्री होते. सांगली काही एवढी मोठी नाही. कॉलेजचं नाव, पेठेचं नाव आणि गाडीचा रंग एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. कथेत ओळखीचा तपशील दिसला तरी 'हे तर आमच्या गल्लीतलं' असं लिहू नका. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल हा त्या खासगीपणाचा गाभ्याचा भाग आहे असं सांगितलं. कुणी, केव्हा, कुणाला सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

वाचकांबद्दलही हेच. कुणी मन मोकळं करून लिहिलं तर त्यानं लिहिलं तेवढंच घ्या, पुढं खोदू नका.

शारीरिक प्रसंगांवर काय लिहायचं?

प्रसंग पात्रांबद्दल काही सांगतो का, ते बघा. पहिल्यांदा जवळ येताना कोण घाबरलंय, कोण घाई करतंय, नंतर कोण आधी बोलतं, यावर लिहायला खूप असतं. स्वतःच्या कल्पना त्याखाली लिहू नका, छायाचित्रं तर अजिबात टाकू नका. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून अश्लील मजकूर पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठराखालच्या पात्राचा लैंगिक प्रसंग आम्ही कोणत्याही कारणानं घेत नाही.

प्रतिसादाचा स्क्रीनशॉट मित्राला दाखवला तर?

नाही. एकदा केलं तरी गटातून बाहेर.

आणि कथेची पीडीएफ करून पाठवली तर?

तीही नाही. लिहिल्या क्षणी कथेचा हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. टोपणनाव घेतल्यानं हक्क जात नाही, फक्त लेखक कोण हे उघड झालं नाही तर ती ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. चर्चेसाठी चार ओळी उद्धृत करायला कायदा मोकळीक देतो, अख्खा भाग फिरवायला देत नाही.

हे वाचणं-लिहिणं बेकायदा तर नाही ना?

नाही. ही भीती अजून आहे, कारण निकाल मागंपुढं होत राहिले. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही म्हटलं, २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं ती द्यायला नकार दिला. कथेत दोघांनी संगमेश्वराच्या देवळात एकमेकांना हार घातले तर वाचक म्हणून टाळ्या वाजवा, पण 'आता ते कायद्यानं नवरा-बायकोसारखेच' असं कुणाला सांगू नका.

एखादा भाग वाचून माझं मन फार बिघडलं. प्रतिसादात लिहू का?

लिहा, वाचणारी माणसं आहेत. पण जीव नकोसा वाटत असेल तर आमच्यावर विसंबू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. डॉक्टरांकडं गेलात आणि कुणी 'औषधानं हे बरं होतं' म्हणालं, तर तिथून उठा. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली, आणि ती 'बरी' करण्याचे उपचार हे २०२२ पासून भारतात डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे.

शुद्ध मराठीत लिहावं लागतं का?

आपल्या बोलीत लिहा. 'लई भारी झालाय भाग, पर त्यो शेवट मला न्हाई पटला' यात काही कमी नाही. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या फक्त लेखकानं मागितल्या तरच द्या.

पात्रांच्या तोंडी शिव्या आणि 'तसला', 'बायल्या' असे शब्द असतात. ते का चालवता?

चौकात ते ऐकू येतात म्हणून. पात्रानं बोलायला हरकत नाही. प्रतिसादात वाचकानं वापरले तर काढून टाकतो.

लेखक मधेच गप्प झाला तर?

होतं असं, आणि कारणं बहुतेक घरचीच असतात. बदली, लग्न, आजारपण, कुणाला तरी कळलं ही भीती. दोन शनिवार गेले तर आमच्यातला एक जण लेखकाला एकच निरोप पाठवतो: भाग नाही आला तरी चालेल, तुम्ही बरे आहात ना. बाकीच्यांनी 'कधी येणार, कधी येणार' असा धोशा लावू नये. कथा अर्धी राहिली तर आम्ही ती तशीच ठेवतो, दुसऱ्या कुणाला पूर्ण करू देत नाही.

तुम्ही प्रत्यक्ष भेटता का?

अधूनमधून सांगलीतल्या आमराई बागेत, सकाळी, फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीत. यायची सक्ती नाही. आलात तर टोपणनावानंच या. भडंग कुणीतरी आणतंच.

मग सुरुवात कुठून करू?

सध्या चालू कथेच्या पहिल्या भागापासून. प्रत्येक भागाखालचे जुने प्रतिसाद त्या भागाबरोबरच वाचा, पुढचा भाग उघडण्याआधी. जुन्या भागावर आज लिहिलंत तरी लेखक वाचतो. फक्त तिथं पुढचं काही फोडू नका, कारण तुमच्या मागून येणारा कुणीतरी अजून तिसऱ्या भागावर असतो.